माती जंगलातून येते : आदिवासी भागातील अन्नस्वायत्ततेचा आढावा

1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मेळघाट, नंदुरबार, मोखाडा ही नावे त्याच कारणाने वर्तमानपत्रांत येत राहिली. दर वेळी सरकारने काही ना काही पोचवले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्याचा हक्क दिला. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. या योजनांनी जीव वाचवले आहेत आणि त्या चालूच राहिल्या पाहिजेत. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. पिढ्यानपिढ्या डोंगरउतारावर स्वतःचे अन्न पिकवणाऱ्या, जंगलातून भाजी, कंद आणि फळे आणणाऱ्या माणसांच्या मुलांची ही स्थिती आहे.

म्हणून किती धान्य पोचले यापलीकडे जाऊन एक प्रश्न विचारावा लागतो. आपले अन्न आपण ठरवावे, पिकवावे आणि राखावे ही ताकद आदिवासी गावात पुन्हा कशी उभी राहील? जगभरच्या शेतकऱ्यांच्या ‘व्हिया कांपेसिना’ या संघटनेने 1996 साली हा विचार अन्नाच्या सार्वभौमत्वाच्या रूपाने मांडला, 2007 साली आफ्रिकेतील माली देशात न्येलेनी येथे भरलेल्या मेळाव्यात त्याचा जाहीरनामा झाला. अन्नस्वायत्तता म्हणजे मीठसुद्धा गावातच पिकवणे नव्हे. काय पेरायचे, कोणते बी राखायचे, काय विकायचे आणि काय घरी ठेवायचे, हे ठरवण्याची मोकळीक आणि कुवत म्हणजे अन्नस्वायत्तता.

या कुवतीच्या मुळाशी माती आहे. सह्याद्री आणि सातपुड्यातल्या आदिवासी भागांत शेताची माती आपोआप टिकत नाही. ती दरवर्षी घडवावी लागते आणि तिचा कच्चा माल बव्हंशी जंगलातून येतो. मातीचा प्रश्न त्यामुळे अखेरीस जंगलावरच्या हक्काचा प्रश्न ठरतो. या लेखात जुन्या रीती, त्यांवर झालेले आघात, नवे प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा यांचा आढावा याच दृष्टीने घेतला आहे.

माती घडवण्याच्या जुन्या रीती

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. उतारावरची माती, तिच्यातली अन्नद्रव्ये, पालापाचोळा सारे ओढ्यावाटे खाली जाते. उरते ती उथळ, मुरमाड, आम्लधर्मी जमीन. अशा ठिकाणी शेती करायची तर एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. वाहून जाणारी माती अडवायची आणि गेलेला कस भरून काढायचा.

माती अडवण्याची जुनी रीत म्हणजे खाचर. ओढ्याच्या किंवा घळीच्या तोंडावर दगडांचा बांध घालायचा. पहिल्या पावसात मागे थोडा गाळ बसतो. पुढच्या वर्षी बांध हातभर उंच करायचा. काही वर्षांत जिथे नुसते दगडगोटे होते तिथे भाताचा सपाट तुकडा तयार होतो. ही शेतजमीन कुणी वारशात दिलेली नसते, ती पावसाकडून गोळा केलेली असते. कोकण, मावळ, अकोले, जव्हार या पट्ट्यांतली कितीतरी खाचरे अशीच जन्मली.

कस भरण्याची रीत म्हणजे राब. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ तोडून वाळवायचे. रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. मातीच्या थरामुळे भडका उडत नाही, राब धुमसत जळतो. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते. पहिल्या पावसाबरोबर तिथे भात किंवा नागली पेरली की रोप जोमदार आणि तणाविना येते. पुढे आवणी, म्हणजे रोपांची लावणी. एक हेक्टर भाताला साधारण 10 गुंठ्यांची रोपवाटिका लागते. म्हणजे शेतकरी सगळ्या शेताला खत देत नाही. हाताशी असलेला सारा पाला तो एका दशांश जागेवर एकवटतो आणि रोपाला कोवळ्या वयातच बळ देतो. तुटपुंज्या साधनांतून काढलेला हा विचारपूर्वक मार्ग आहे.

तिसरी रीत फिरत्या शेतीची. उतारावरच्या दळीत काही वर्षे नागली, वरई, मग खुरासणी किंवा उडीद घ्यायचा आणि जमीन पुन्हा झाडोऱ्याला सोडून द्यायची. इथे माती घडवण्याचे काम माणूस करत नाही, पडीकपणा करतो. मात्र त्यासाठी जमीन पुरेशी हवी आणि थांबायला वर्षे हवीत.

या तिन्ही रीतींना एक समान आधार लागतो. शेताच्या कितीतरी पट मोठे रान, कुरण आणि डोंगर शेतकऱ्याच्या वापरात असावे लागते. महसुली भाषेत ज्याला वरकस म्हणतात त्या जमिनीचे महत्त्व हेच होते. तिथे हलकी पिके होत आणि भातशेतीच्या राबासाठी गवत आणि टहाळही तिथूनच मिळे.

तुटलेली साखळी

1878 च्या वन कायद्याने हे रान सरकारी झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले आणि त्यावरून इतका असंतोष माजला की 1885 साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. राब हा त्या वादाचा गाभा होता. वनखात्याला त्यात झाडांची नासाडी दिसत होती, शेतकऱ्याला त्याशिवाय भात दिसत नव्हता. भारतीय शेतीच्या पाहणीसाठी इंग्लंडहून आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञानेही 1893 च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे सव्वाशे वर्षे हा वाद याच चौकटीत अडकून राहिला. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला शेती. दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे असू शकतात, शेताला पाला देणारे रान शेतकऱ्यानेच राखलेले असू शकते, ही शक्यता धोरणातून निघून गेली.

याचे परिणाम साखळीने आले. फिरत्या शेतीला फिरायला जागा उरली नाही, तेव्हा तोच उतार दरवर्षी नांगरला जाऊ लागला आणि माती झपाट्याने धुपली. चराई घटली तसे गुरे पोसणे अवघड झाले. अकोले, इगतपुरी आणि डांगच्या मुसळधार पावसात तग धरणारी डांगी गुरे हा या शेतीचा कणा आहे. गोठा रिकामा झाला की शेण जाते, शेणाबरोबर खत जाते. उत्पन्न घटले की कुटुंब स्थलांतर करते आणि बांध दुरुस्त करायला उन्हाळ्यात घरी कुणी राहत नाही.

कातकऱ्यांच्या वाट्याला या साखळीचे सर्वांत कठोर टोक आले. खैरापासून कात काढणे हा त्यांचा व्यवसाय जंगल बंद होताच संपला. जमीन फार थोड्यांच्या नावावर. आज ठाणे, पालघर, रायगडमधली असंख्य कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. तिथे ती शेतातून उकरलेली माती तुडवून, साच्यात घालून विटा पाडतात. जिच्यात अन्न पिकू शकले असते ती माती भाजण्याचे काम भूमिहीनांच्या हाती यावे, याहून या व्यवस्थेचा उलटेपणा दुसरा कुठला असेल?

ताटातला बदल

मातीबरोबर ताटही बदलले. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, भातात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. वरई, सावा, कोदो, कुटकी ही पिके हलक्या जमिनीवर, खताशिवाय येतात. त्यांच्याबरोबर उडीद, तूर, कुळीथ, खुरासणी असल्याने डाळ आणि तेलही घरचे होई. पावसाळ्यात धान्य संपत येण्याच्या नेमक्या काळात शेवळे, लोत, कुर्डू, करटोली, भारंगी, फोडशी, बांबूचे कोंब जंगलातून येत. त्याआधी उन्हाळ्यात मोह, नंतर करांदे. वर्षाचा असा एकही पंधरवडा नव्हता ज्यात रानातून काही मिळत नसे.

स्वस्त धान्य दुकानात वर्षानुवर्षे तांदूळ आणि गहूच आले. उपाशी घराला त्यांचा मोठा आधार झाला, हे नाकारता येत नाही. पण त्यांनी नागली-वरईची शेतातली गरज कमी केली. आधीच कष्टाची ही पिके आता परवडेनाशी वाटू लागली. कांडण-दळणाचे काम बायकांवर पडत असल्याने अनेक घरांत बायकांनीच ती सोडण्याचा आग्रह धरला आणि तो समजण्यासारखा होता. तृणधान्ये ताटात परत आणायची तर गावात मळणी आणि भरडणीची यंत्रे आधी आली पाहिजेत. पोषणाच्या नावाने बायकांच्या पाठीवर जुने ओझे पुन्हा चढवणारी कोणतीही योजना टिकणार नाही आणि टिकूही नये.

इथे ओडिशाचा अनुभव मोलाचा आहे. 2017 साली त्या राज्याने आदिवासी जिल्ह्यांपासून भरडधान्य अभियान सुरू केले. बियाणे, सेंद्रिय निविष्ठा, गावपातळीवरची प्रक्रिया यंत्रे, हमीभावाने नागलीची खरेदी आणि तीच नागली रेशन व अंगणवाडीतून परत लोकांना, असा पूर्ण फेरा बसवला. सरकारी खरेदी हे आदिवासी शेताविरुद्धचे हत्यार असण्याचे कारण नाही. ती स्थानिक पिकाची असेल तर तीच शेताला उभे करते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात महाराष्ट्रात पाककृतींचे महोत्सव पुष्कळ झाले. खरी गरज आहे ती जव्हारची नागली जव्हारच्या अंगणवाडीत पोचवणाऱ्या कायम व्यवस्थेची.

माती तयार करण्याचे नवे प्रयोग

माती घडवण्याच्या शास्त्रात महाराष्ट्राने देशाला बरेच दिले आहे. त्यातला प्रत्येक प्रयोग आदिवासी गावाच्या कसोटीवर घासून पाहायला हवा. पाला किती लागतो, शेण किती, पाणी किती, रोख किती आणि काम कोणत्या महिन्यात येते, हे पाच प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत सर्वांत जास्त पसरली. जाळीदार विटकामाची सुमारे 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकी. तिच्यात दीड टनाच्या आसपास काडीकचरा, जवळपास तितकीच किंवा थोडी अधिक माती आणि अवघे 90 ते 100 किलो शेण. तीन-चार महिन्यांत खत तयार. गुरे कमी झालेल्या गावात थोड्या शेणात पुष्कळ खत हा मोठा गुण आहे. पण एका टाकीला दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. 15 लिटरचा हंडा धरला तर शंभराहून अधिक खेपा. मार्च-एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईला हे सांगणे अन्यायाचे आहे. हीच टाकी पावसाळा सरताना, ओढा वाहत असताना आणि बांधावर हिरवे तण असताना भरली तर ती शक्य होते. टाकी बांधून झाल्यावर ती रिकामी राहण्यामागे बहुधा असेच साधे कारण असते : तिचे वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकाशी जुळवलेले नसते.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (1924-2001) यांनी ‘प्रयोग परिवार’मधून वेगळाच प्रश्न विचारला. एका कुटुंबाला सन्मानाने जगायला किती जमीन पुरेल? त्यांचे उत्तर 10 गुंठे होते. अट एवढीच की पडणाऱ्या उन्हाचा कण न् कण पानांनी टिपावा आणि वाळलेला प्रत्येक पाला पुन्हा मातीत जावा. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात नर्मदाकाठच्या बाजवाडा येथे या विचारातून ‘अमृत मिट्टी’ घडवण्याची रीत बसवली. शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेला पाला थोड्या मातीसह थरांत रचायचा, त्यावर नाना प्रकारचे बी एकत्र पेरायचे, उगवलेली रोपे ठरावीक दिवसांनी छाटून त्याच ढिगावर अंथरायची. मुळे, पाने आणि जिवाणू मिळून काही महिन्यांत जिवंत माती तयार करतात. परसबागेसाठी ही रीत उत्तम आहे. मोठ्या खाचरासाठी तिचे श्रम झेपत नाहीत. पण परसबाग ही छोटी गोष्ट नाही. घरामागच्या दोन गुंठ्यांत वाल, घेवडा, भोपळा, शेवगा, अळू, कोनफळ असेल तर मुलाच्या ताटातला बदल पहिल्याच वर्षी दिसतो आणि भूमिहीन कातकरी कुटुंबालाही हे काही प्रमाणात जमते.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर जंगलाचे उदाहरण देऊन सांगतात की तिथे कुणी खत घालत नाही तरी झाड वाढते. 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती 200 लिटर पाण्यात मिसळून ते जीवामृत करतात. बाहेरून खत नको, ही त्यांची भूमिका आदिवासी शेतकऱ्याला जवळची वाटते. मात्र जीवामृताच्या जोडीला जमिनीवर पाल्याचे आच्छादन हवे, हे त्यांच्या पद्धतीचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे आणि उघड्या पडलेल्या उतारावर ते आच्छादन मिळत नाही. शिवाय गूळ आणि बेसन विकत आणावे लागते. जंगल स्वतःला पोसते कारण त्याचा पाला त्याच्याच पायाशी पडतो. शेताला ती सोय करून द्यावी लागते.

भातासाठी दोन प्रयोगांचा विचार हवा. डॉ. नारायण कृष्ण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची राख मातीत परत जाते, चिखलणीपूर्वी गुंठ्याला सुमारे 30 किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला घातला जातो, रोपे ठरावीक अंतरावर लावली जातात आणि खताच्या गोळ्या चिखलात खोचल्या जातात. यातले गिरिपुष्पाचे सूत्र आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. गिरिपुष्प बांधावर फांदीपासून येते, छाटले की पुन्हा फुटते, नत्र देते. राबासाठी जंगलातले टहाळ तोडण्याचा भार त्याने हलका होऊ शकतो. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात नांगरट, चिखलणी आणि आवणी तिन्ही टळतात. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकायचा, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. माती धुपत नाही, गांडुळे वाढतात, कंबरमोडी आवणी वाचते. त्यातला तणनाशकाचा वापर मात्र गंभीर अडचणीचा आहे. ज्या बांधावरची कुर्डू आणि टाकळा घरची भाजी असते तिथे तणनाशक म्हणजे जेवणावरच फवारा. हाताने किंवा कोळप्याने तण काढून हे तंत्र कितपत निभावते, यावर आदिवासी भागातले त्याचे भवितव्य ठरेल.

या सर्वांचा मेळ घातला तर एक गोष्ट ठळक दिसते. कोणतीही रीत पाल्याशिवाय चालत नाही. शेण कमी चालेल, गूळ टाळता येईल, टाकीऐवजी खड्डा चालेल. हिरवा-वाळका पाला मात्र लागतोच. तो येणार बांधावरून, वरकसातून आणि जंगलातून.

वाडी आणि बियाणे

मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने 1982 साली गुजरातेतल्या वांसदा भागात वाडीचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो जव्हारला आणला. एकरभर उतारावर आंबा-काजू, कडेने जळण आणि चाऱ्याची झाडे, मधल्या पट्ट्यांत धान्य-भाजी, उताराला आडवे चर. नाबार्डने 2003-04 पासून आदिवासी विकास निधीतून हा नमुना देशभर नेला. वाडीने अनेक घरांचे स्थलांतर कमी केले, कारण झाड राखायला माणूस घरी थांबतो. तिचा मातीच्या अंगाने फायदा आणखी मोठा आहे, उताराला मुळे मिळतात आणि पाला शेतातच पडतो. पण वाडीचा भर फळविक्रीकडे झुकला की मधले धान्याचे पट्टे आकसतात. वाडीचे यश आंब्याच्या रोपांवर मोजणे सोपे आहे. त्यासोबत त्या एकरातून घरात किती महिन्यांचे अन्न आले आणि मातीतला सेंद्रिय कर्ब किती वाढला, हे मोजले तर तिची खरी किंमत कळेल.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. महादेव कोळी समाजातल्या या शेतकरी बाईंनी वाल-घेवड्यांपासून भातापर्यंत गावरान वाण गोळा केले, वाढवले, वाटले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी अशा भाताच्या वाणांचे मोल मातीशी जोडून पाहायला हवे. हे वाण हलक्या जमिनीत, रासायनिक खताविना, मुसळधार पावसात उभे राहण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडले गेले. संकरित बी आणले की त्याच्या मागोमाग विकतचे खत येते. गावरान बी गावच्या मातीवर भागवते. बीज बँक आणि खताचा ढीग म्हणूनच एकाच अंगणात असायला हवेत.

हक्काचा पाया

2006 चा वनहक्क कायदा या सगळ्या चर्चेत बहुधा जमिनीच्या पट्ट्यापुरता आठवला जातो. वैयक्तिक पट्टा महत्त्वाचा आहेच. उद्या काढून घेतली जाईल अशा जमिनीवर कुणी दगडी बांध घालत नाही आणि खाचर घडायला वर्षे लागतात. पण मातीच्या दृष्टीने या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सामूहिक वनहक्क. गावाच्या परंपरागत जंगलाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला त्यातून मिळतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून घडलेल्या या गावाने 2011 साली आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्याने विकला आणि 2013 साली आपली सारी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. जंगल आणि शेत दोन्हींचा विचार एकाच ग्रामसभेत व्हावा, ही त्यामागची दृष्टी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपाने न काढण्याचे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि रानाला आगी लावल्या जातात. एका गरीब गावाने रोख उत्पन्न सोडून जंगलाचा पातेरा वाचवला. रानातला जळालेला पाला म्हणजे शेताची हरवलेली माती, हे ज्यांना कळते त्यांच्याच हाती जंगल असले पाहिजे.

हक्क मिळाला की काम आपोआप होत नाही, हेही खरे. ग्रामसभेच्या जंगल-व्यवस्थापन आराखड्यात बांबू आणि तेंदूपानाबरोबर पाल्याचे नियोजन आले पाहिजे. कोणत्या भागातून किती टहाळ घ्यायचे, कुठे पाच वर्षे हात लावायचा नाही, मोहाखाली आग न लावता फुले कशी वेचायची, बांधावर गिरिपुष्प, करंज कोणी लावायचे. राब बंद करा असा आदेश काढण्याऐवजी राबासाठी लागणारे टहाळ निम्म्यावर आणणारी रीत गावाबरोबर बसून शोधावी. दीडशे वर्षांपूर्वीचा वाद असा सुटू शकतो.

बाहेरच्या जगातून

माती घडवता येते, याचा सर्वांत मोठा पुरावा ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथली मूळ जमीन तांबडी आणि नापीक. तिच्यात जागोजाग काळ्या, कसदार मातीचे पट्टे सापडतात आणि ते माणसांच्या वस्त्यांनी घडवलेले आहेत. ब्राझीलच्या शिंगू भागातले कुइकुरो लोक आजही राख, कोळसा, माशांचे अवशेष आणि कसाव्याची साले ठरवून साठवतात आणि तशीच काळी माती करतात, हे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. मातीखाली धुमसणाऱ्या आपल्या राबातही कोळसा उरतो. या दोन ज्ञानपरंपरांचा एकत्र अभ्यास व्हायला हवा.

कॅनडात जेम्स उपसागराच्या काठी असलेल्या फोर्ट अल्बनी या क्री लोकांच्या वस्तीत परिस्थिती उलट टोकाची. कडाक्याची थंडी, विमानाने किंवा बर्फावरच्या रस्त्याने येणारे महागडे अन्न. तिथे विलोच्या झाडांच्या आडोशाला बटाटे आणि घेवडा पिकवण्याचे प्रयोग झाले आणि स्थानिक माती रासायनिक खताशिवाय पीक देऊ शकते असे दिसले. हवामान, पीक, संस्कृती सगळे वेगळे. तरी दूरवरून येणाऱ्या अन्नावरचे अवलंबित्व, तुटलेली शिकार-वेचणी आणि झाड-पीक जोडून माती उभी करण्याचा मार्ग आपल्याला परका वाटत नाही.

पुढची दिशा

या आढाव्यातून मला दिसणारा क्रम स्पष्ट आहे. आधी हक्क, मग पाला, मग माती, मग बी आणि शेवटी बाजार. आपल्या योजना बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतात. बाजारात भाव असलेले पीक निवडतात, त्याचे बी आणतात, त्या बियाला लागणारे खत आणतात आणि माती थकली की पुन्हा रेशनकडे वळतात.

सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढणे हे कृषी धोरणाचे काम मानले गेले पाहिजे. रोजगार हमीची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने खाचरांचे बांध, उतारावरच्या ताली, खताचे खड्डे आणि बांधावरची झाडे ही कामे दिवाळीनंतर लगेच गावात काढावीत आणि मजुरी वेळेवर द्यावी, म्हणजे माती घडवण्याच्या ऋतूत माती घडवणारा माणूस घरी राहील. भूमिहीन कातकऱ्यांना घराखालची आणि परसाची जागा नावावर मिळावी. डांगी गुरांसाठी चराई राखावी. अंगणवाडीत स्थानिक नागली, वाल आणि अंडी यावीत. यांतले प्रत्येक काम आजच्या कायद्यांत आणि अंदाजपत्रकात बसते.

आदिवासी शेतकऱ्याला माती घडवण्याचे ज्ञान देण्याची गरज फार थोडी आहे. त्याला पाला आणू द्यायचा आहे, बांध घालायला वेळ आणि मजुरी द्यायची आहे आणि घडवलेली माती त्याचीच राहील याची खात्री द्यायची आहे. एवढे केले तर अन्न पोचवण्याचा भार दर वर्षी कमी होत जाईल आणि मुलांची वजने गावच्या शेतावर वाढतील.